देव पाठमोरे बसव

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "तुझा भाचा यंदा स्वतःच गाडी घेऊन नागपूरला चाललाय, तू चार गोष्टी सांग त्याला." अर्ध्या तासाने तुझाही आला आणि तू पहिलंच विचारलंस, "मामा, पेण ते नागपूर किलोमीटर किती पडतील?" तेव्हाच ठरवलं की फोनवर भागणार नाही, लिहून काढायचं.

किलोमीटर आठशेच्या थोडे वर पडतील. पण हा आकडा तुझ्या फारसा कामाचा नाही. दिवसाला गाडी किती तास चालवायची आणि ते तास दिवसाच्या कोणत्या भागातले, हे आधी ठरव. बाकी सगळं त्यावरून लागत जातं. मी बत्तीस वर्षं रोह्याहून गाडी हाकली. वर्षभर धाटावच्या कारखान्यांचा माल, आणि पावसाळा लागला की पेणच्या गणपतीच्या मूर्ती. सुरत, इंदूर, हैदराबाद, नागपूर, सगळीकडे जाऊन आलो. पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री माझ्या नागोठण्याच्या वस्तादांनी मला गाडीच्या मागे नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "गाडी तुझी नाही, मालाची आहे. मालाला जो वेग सोसतो तो तुझा वेग." त्यांचं बरंचसं मी तुला जसंच्या तसं देतोय. एक गोष्ट मात्र मोडून देतोय, ती पुढे येईल.

आधी तारीख. यंदा ज्येष्ठ अधिक आला, म्हणून चतुर्थी लांबली. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होती, यंदा १४ सप्टेंबर २०२६, सोमवार. नागपूरचा व्यापारी माल तीन-चार आठवडे आधी मागतो, म्हणजे तुला ऑगस्टच्या मध्यावर निघायचंय. आता दिनदर्शिका समोर घे. १२ तारखेला दिव्यांची अवस. त्या रात्री रस्त्यावर कोण कोणत्या अवस्थेत गाडी चालवत असेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी गाडी घरासमोर उभी ठेवायची. १५ ऑगस्ट शनिवारी आलाय. म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून मुंबईची माणसं अलिबागला आणि खाली कोकणात निघणार, पळस्प्यापासून वडखळ नाक्यापर्यंत रांग लागणार आणि रविवारी रात्री तीच रांग उलट्या अंगाने. सोमवारी १७ ला नागपंचमी, कारखान्यातले कारागीर सुट्टीवर, भरायला हात मिळणार नाहीत. मंगळवारी १८ ला दिवसाउजेडी गाडी भर, त्या रात्री घरी नीट झोप आणि बुधवारी सकाळी नीघ. कुणी म्हणालं, "भरून झालीच आहे तर रात्रीच सोड, रस्ता मोकळा मिळेल," तर हसून पाणी पाज आणि घरी पाठव. दिवसभर मूर्ती उचललेल्या माणसाने रात्री चाक धरायचं नसतं.

त्यातही ऑगस्टच्या रात्रीचा आपल्याकडचा रस्ता मला कधीच भरवशाचा वाटला नाही. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने जांभूळपाड्याची आणि नागोठण्याची काय दशा केली ते आमच्या पिढीने पाहिलंय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल गेला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट पुरात गेल्या. अंधारात पूल आहे की नाही हे दिव्याच्या झोतात कळत नाही. तुझा रस्ता सावित्रीच्या दिशेचा नाही हे मला ठाऊक आहे. पण खारपाड्याला पाताळगंगा तूही ओलांडणार आहेस. पाऊस रात्रभर कोसळला असेल तर सकाळी दोन तास थांब. व्यापाऱ्याला फोन करून सांग. थांबलेल्या गाडीमुळे आजवर कुणाची मूर्ती फुटलेली नाही.

आता वाट. आमच्या काळात पनवेल, ठाणे, कसारा घाट, नाशिक, धुळे, मग जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती आणि तळेगाव-कोंढाळीवरून नागपूर. तीन दिवस धरायचो, चौथा हाताशी ठेवायचो. तुझ्यापुढे समृद्धी महामार्ग आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. आता भिवंडीजवळच्या आमण्यापासून थेट नागपूर, ७०१ किलोमीटर, एकही सिग्नल नाही. तुझी खरी कसोटी त्याआधीच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरची आहे: पनवेल, कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा, भिवंडी. ठाण्याच्या हद्दीत जड गाड्यांना ठरावीक तासांची बंदी असते आणि त्या वेळा बदलत राहतात. निघण्याच्या आदल्या दिवशी तिकडून रोज ये-जा करणाऱ्या दोघांना विचार. बहुतेक जण पहाटे तीनला निघून बंदीच्या आत पलीकडे पडायला बघतात. मला ते पटत नाही. रात्री दोन ते पाच हा माणसाच्या अंगातला सगळ्यात मंद प्रहर. डोळे उघडे असतात आणि माणूस आत नसतो. जड गाड्यांना दुपारची मोकळीक असेल तर तीच साध. न्याहारी करून साडेआठ-नऊला पेण सोडायचं आणि मोकळीक सुरू होताना शीळफाट्याशी असायचं.

दुसरी एक वाट आहे. पेणहून खोपोली, तिथून कर्जत, मुरबाड, शहापूर, आणि शहापूरजवळ खुटघरला समृद्धीवर चढायचं. भिवंडी पूर्ण टळते. नकाशात बघितलीस तर मोह होईल. पण नकाशा रस्ता दाखवतो, खड्डा दाखवत नाही. माल सिमेंटचा असता तर मी म्हणालो असतो जा. तुझ्या हौद्यात शाडूची बोटं आहेत. आठवडाभर आधी मोटरसायकल काढ, मित्राला मागे बसव आणि पावसातच तो रस्ता शहापूरपर्यंत पाहून ये. कुठे खडी उघडी पडलीय, कुठे साकवावर पाणी येतं, कुठे आयशरचं तोंड वळायला जागा नाही, ते वहीत लिही. मन खाल्लं तर भिवंडीच बरी. रांगेत उभ्या गाडीत मूर्ती सुखाने बसतात.

भरणीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण रस्त्यावरचे निम्मे अपघात कारखान्याच्या दारातच झालेले असतात, दिसतात फक्त पुढे जाऊन.

मूर्ती वाळलीय की नाही हे कारखानदाराच्या शब्दावर घेऊ नकोस. तू लहानपणापासून हमरापूर-जोह्यात फिरलेला, तुला ठाऊक आहे, चतुर्थी जवळ आली की घाई होते. पाटाखालून, बैठकीच्या बाजूने नखाने टिचकी मार. वाळलेली मूर्ती खणखणते, आतून ओली असेल तर मठ्ठ वाजते. मठ्ठ वाजली ती मागे ठेव, पुढच्या खेपेला घे. ताडपत्रीखाली दोन दिवस कोंडल्यावर आतला ओलावा बाहेर येतो आणि रंगावर डाग धरतो, मग नागपूरला कितीही पुसा.

हौद्यात खाली वीतभर भाताचा पेंढा, तो कोरडा हवा. गेल्या वर्षीचा माळ्यावरचा मिळाला तर उत्तम. त्यावर गोणपाट. मोठ्या मूर्ती पुढे, केबिनला लागून. लहान मूर्ती फळ्यांच्या माळ्यांवर मागे. आणि देव पाठमोरे बसव. म्हणजे त्यांची पाठ केबिनकडे, तोंड फाळक्याकडे. कारण असं की ब्रेक लागला की सगळा माल पुढे जातो. पाठ पुढे असेल तर भार भरीव पाठीवर पडतो. तोंड पुढे असेल तर सोंड, बोटं आणि मोदकाचा हात पहिल्यांदा आपटतात. मूर्ती जिथे नाजूक तिथे ती कशालाच टेकता कामा नये. पेंढ्याची वेणी वळून ती कमरेला आणि बैठकीला आवळ, खांद्यापर्यंत गुंडाळ, पण बोटांच्या आणि सोंडेच्या टोकाशी पेंढा कोंबू नकोस. नवीन पोरं हीच चूक करतात, जिथे जपायचं तिथे जास्त कोंबतात. गाडी दचकली की तोच पेंढा पाचरीसारखा बोटात शिरतो आणि बोट कडकन जातं.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला ते उलटं वाटलं होतं. देवाने जायच्या दिशेला बघायला नको का? वस्ताद म्हणाले, "तो पेणकडे बघत जातो. गाव सोडवत नाही त्याला." पुढे प्रत्येक फेरीत फाळका लावताना मी त्यांच्या चेहऱ्यांच्या रांगा पाहिल्या. दीडशे-दोनशे डोळे आपल्याकडे बघतायत आणि आपण फाळका वर उचलतोय. ती घटका अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्या वेळी हातातलं काम आपोआप हळू होतं.

मग ताडपत्री आणि दोर. ताडपत्री दुहेरी, आतली जुनी चालेल, बाहेरची बिनभोकाची. दोराचं एक गुपित आहे. तागाचा दोर भिजला की आखडतो आणि घट्ट होतो. वाळला की सैल पडतो. नायलॉनचं उलटं, भिजला की ताणून ढिला. तू पेणच्या पावसात तागाने बांधशील, इगतपुरीपर्यंत गाठी दगडासारख्या होतील आणि तुला वाटेल काम पक्कं. वैजापूरच्या पुढे ऊन लागलं की तोच दोर सुकून लोंबेल आणि ताडपत्री पंखासारखी फडफडायला लागेल. म्हणून घाट चढून कोरड्या हवेत आलास की पहिल्याच थांब्यावर सगळे दोर पुन्हा ताण. आणि पाऊस नसेल तेव्हा फाळक्याकडचा ताडपत्रीचा कोपरा वीतभर मोकळा सोड, आतली वाफ बाहेर पडू दे.

आता वस्तादांचं जे मी मोडतोय ते.

ते सांगायचे, मूर्ती भरल्या की चाकांतली हवा चार-पाच पौंड कमी करायची. टणक चाक खड्ड्यातून उसळतं, उसळलं की मूर्ती तडकते. नरम चाक गादीसारखं चालतं. जुन्या रस्त्यांवर हे अगदी खरं होतं. आम्ही तीस-पस्तिसाच्या वेगाने खड्डे चुकवत जायचो, चाकाला तापायला सवडच नसायची. हा मंत्र मी वीसेक वर्षं पाळला. मग एकदा सरळ, मोकळ्या रस्त्यावर, भर दुपारी, एका लयीत दोन तास गाडी चालली आणि मागच्या डाव्या जोडीतलं बाहेरचं चाक बारासारखं फुटलं. रबराच्या सालपटांनी मडगार्ड फाडलं. गाडी सावरली, कारण वेग कमी होता. उतरून आतल्या चाकाला हात लावला तर हात टेकवेना. हवा कमी असली की चाकाची बाजू प्रत्येक फेरीला दबते आणि सुटते, त्या दबण्या-सुटण्याने ते आतून तापतं, आणि वेग जितका सलग तितकं जास्त.

समृद्धी काँक्रीटची आहे, सरळ आहे, थांबायला काही कारण देत नाही. तिथे कमी हवेचं चाक घेऊन जाणं म्हणजे पायाखाली निखारा ठेवून बसणं. वस्तादांचं माझ्यावर मोठं ऋण आहे आणि ते असते तर त्यांनीच मला सांगितलं असतं की रस्ता बदलला, आता हे सोड. हवा कंपनीने भारानुसार लिहिलीय तेवढीच, सकाळी चाक थंड असताना मोजून. दचके सोसायचं काम पेंढ्याने आणि कमानपाट्यांनी करायचं, चाकाने नाही. पाटे निघायच्या आधी तपासून घे, तुटलेला एकही पाटा नको. दर थांब्यावर सहाही चाकांना हाताची मागची बाजू लावून फीर. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं तर कारण सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. मागच्या जोड चाकांच्या मध्ये वाकून बघायची सवय लाव, तिथे दगड अडकतो आणि दोन्ही चाकं खातो. स्टेपनीची हवाही मोज. ती वर्षानुवर्षं तशीच लटकलेली असते.

वेळापत्रक असं धर. बुधवारी साडेआठ-नऊला पेण. दुपारी एक-दीडपर्यंत आमणे. इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागेल. ऑगस्टात त्याच्या दोन्ही तोंडांशी धुकं आणि पाऊस असतो, काच आतून धूसर होते, म्हणून आत शिरायच्या आधीच दिवे आणि वायपर बघ. संध्याकाळी उजेड असताना शिर्डी. तिथे उतर, गाडी उजेडात आणि माणसांच्या वर्दळीत लाव, जेव, नऊला झोप. गुरुवारी साडेपाचला उठून पुन्हा दोर, चाकं, आणि नीघ. शिर्डी ते नागपूर ५२० किलोमीटर. माल गाड्यांना तिथे ताशी ८० ची मर्यादा आहे, तू ६५ च्या आसपास राहा. आठ तास चालणं, दोन तास थांबे. चार-पाचला नागपूर. मोटर परिवहन कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, त्यातही दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा असंच धरलं होतं. गाडी स्वतःची झाली म्हणून अंग पोलादाचं होत नाही. मोबाइलवरचा नकाशा जी वेळ सांगतो ती कारची असते, त्यात निम्मी आणखी मिळव.

समृद्धीवर दर दोन तासांनी थांब, झोप येवो न येवो. त्या रस्त्याला वळण कमी, गाव नाही, चहाची टपरी नाही, कुत्रं आडवं येत नाही. डोळ्यांना काम उरत नाही आणि माणसाला भूल पडते. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर एका प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली, पंचवीस माणसं गेली. तू तिथून सकाळच्या उजेडात जाणार आहेस, ते मी मुद्दाम तसं बसवलंय. दुसरी भूल दुपारी जेवणानंतर दोनच्या सुमारास येते. तेव्हा तू कारंजा-धामणगावच्या पट्ट्यात असशील. पंपाच्या आवारात गाडी घे, वीस मिनिटं खरोखर डोळे मीट, तोंड धू, मग निघायचं. कडेला, रस्त्याच्या पट्टीवर मात्र कधीही थांबू नकोस. मागून ऐंशी-शंभरने येणाऱ्याला उभी गाडी चालती वाटते, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बिघाडच झाला तर माणसं आधी कठड्याच्या पलीकडे, मग लाल त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास पावलं लांब.

झोपेच्या भुलीचं हे मी ऐकीव सांगत नाही. धुळ्याच्या जुन्या रस्त्याने जात होतो. व्यापाऱ्याची घाई होती, माझी त्याहून जास्त, कारण तुझ्या मामीचं माहेरपण आटोपून मला तिला आणायचं होतं. भुसावळ रात्री एकला ओलांडलं, म्हटलं मलकापूर गाठूनच झोपू. पुढचं मला एवढंच आठवतं की बरोबरचा पोरगा ओरडला आणि समोर बाभळीचं खोड होतं. गाडी खाली उतरली, पण उलटली नाही. पहाटे उजाडल्यावर ताडपत्री सोडली. पुढच्या रांगेतल्या चार फुटी मूर्तीचा आशीर्वादाचा हात मनगटापासून निखळून पेंढ्यात पडला होता. तळवा वर, बोटं सगळी शाबूत, मधे कुंकवाचं स्वस्तिक. तो हात मी हातात घेतला आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. मूर्तीची तेव्हा प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, ती मातीच असते, हे मला कळत होतं. तरी माझ्या हाताचा कंप तासभर गेला नाही.

तो हात जोडला गेला, कारण बरोबरच्या पोराची आई कारखान्यात रंगाला बसायची आणि तिने त्याच्या पिशवीत न सांगता सामान घातलं होतं. तेव्हापासून मी ते सामान घेतल्याशिवाय निघालो नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा, फेव्हिकॉल, मलमलीच्या चिंध्या, एक नंबरचा बारीक कुंचला, आणि त्या लॉटच्या रंगाच्या छोट्या डब्या. सोवळ्याचा रंग, अंगाचा रंग, सोनेरी. दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही, म्हणून त्याच कारखान्यातून माग. जोडताना एक लक्षात ठेव. वाळलेल्या मूर्तीवर नुसती ओली माती लावलीस तर ती सुकताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी भेग पडते. शाडूची पूड आणि फेव्हिकॉल यांचा दाट लगदा कर, दोन्ही तुटल्या बाजूंना पातळ लाव, जोड दाबून धर, वरून मलमलीची बोटभर पट्टी गुंडाळ, ती सुकू दे, मग वरून पातळ लगदा आणि रंग. घाई करायची नाही. आणि व्यापाऱ्यापासून लपवायचं नाही. मी त्या दिवशी मूर्ती उतरवताना पहिल्यांदा तोच हात दाखवला. त्याने निरखून पाहिला, पैसे कमी केले, आणि पुढची अकरा वर्षं माल माझ्याच गाडीने मागवला.

खाण्याचं तुझ्या आईला कळतं. तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी, पोह्याचे पापड भाजून. पाणी तुला आणि बरोबरच्या पोराला मिळून दहा लिटर, कारण समृद्धीवर वाटेल तिथे मिळत नाही. श्रावण लागलेला असेल, आणि तो नसता तरी आमच्यात रीत आहे, हौद्यात मूर्ती आहेत तोवर मांस-मच्छी नाही आणि दारूचा थेंब नाही. ती तूही पाळ.

कागदपत्रं एका पाकिटात: गाडीचं पुस्तक, विमा, फिटनेस, परमिट, पी.यू.सी., दोघांची लायसन्स. व्यापाऱ्याच्या नावाचं बिल, आणि त्यात मूर्ती शाडूच्या असतील तर "शाडूची" हा शब्द स्पष्ट लिहून घे, पी.ओ.पी. आणि शाडूचे नियम गावागणिक वेगळे असतात, दारात वाद नको. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचे पैसे आधी भर. समृद्धीचा टोल चाललेल्या अंतरावर, बाहेर पडताना कापला जातो, तिथे शिल्लक अपुरी पडली तर मागची रांग तुझ्यावर हॉर्न मारेल आणि तुझा हात चुकेल. मदतीला ११२ सगळीकडे चालतो, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. समृद्धीचा वेगळा क्रमांक फलकावर असतो, चढतानाच तो बरोबरच्या पोराला टिपून घ्यायला सांग. फोन त्याच्याकडेच राहू दे. तुझ्या हाताला फक्त चाक.

डिझेलचा हिशेब सात-साडेसातच्या अॅव्हरेजने धर, जाऊन-येऊन सव्वादोनशे-अडीचशे लिटर. त्याशिवाय एका चाकाचे पैसे वेगळे बाजूला, आणि ते परत येईपर्यंत मोडायचे नाहीत.

नागपूरला शिवमडक्याशी उतरलास की लगेच शहरात घुसू नकोस. व्यापाऱ्याला फोन कर, गाडी कधी आत आणायची ते तो सांगेल. महालात चितार ओळ आहे, तिथल्या मूर्तिकारांच्या कितीतरी पिढ्या याच कामात गेल्या. वेळ मिळाला तर पायी जाऊन ये. आपल्या मूर्तीत आणि त्यांच्या मूर्तीत डोळ्यांची आखणी कशी वेगळी ते बघ, आपलं कुठे कमी पडतं तेही बघ. कारखान्याला पुढे त्याचा उपयोग होईल. गाडी मात्र रात्री खाली करायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. थकलेले हमाल, कमी उजेड, अनोळखी जिना. सकाळी व्यापाऱ्यासमोर एकेक मूर्ती मोजून दे, वहीवर त्याची सही घे, आणि पेंढा तिथे फेकून न देता बांधून परत आण. पुढच्या खेपेला तो कोरडाच असतो.

परतीचा माल वाडीच्या बाजूला ट्रान्सपोर्टवाल्यांकडे विचार. एक दिवस वाट बघ, नाही मिळाला तर रिकामा ये. रिकामी गाडी ब्रेकला उडते आणि चालवणाऱ्याला हलकी वाटते, म्हणून परतताना वेग आणखी पाचने कमी ठेव. मी आयुष्यात दोनदा रस्ता सोडून खाली गेलो. त्यातली दुसरी खेप रिकाम्या गाडीची, आणि घर वीस किलोमीटरवर होतं.

फोन तीनदा कर. शिर्डीला थांबल्यावर, नागपूरला पोचल्यावर, आणि परत निघताना. तिन्ही वेळा आधी आईला, मग मला. चालत्या गाडीतून करू नकोस, आम्ही दोघंही वाट बघू शकतो.

मंगळवारी मी सकाळच्या दिवा गाडीने रोह्याहून निघतो. आदल्या संध्याकाळी धावीर महाराजांकडे जाऊन येईन, तुझ्या नावाचा नारळ तिथे ठेवीन. पेणला उतरलो की थेट कारखान्यात येतो, घरी चहाला थांबत नाही. पेंढा तू आधी पसरून ठेव, पण मोठ्या मूर्ती मी येईपर्यंत उचलू नका. फाळक्याच्या वरची, मधली गाठ असते ना, ती मी बांधणार आहे. गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा एक स्टूल आणून ठेव.